आधी माळा, मग टीव्ही युनिट

"ताई, मी मिरजेत स्टाफ नर्स आहे, नवरा कुपवाड एमआयडीसीत. नऊ वर्षं गावभागात दोन खोल्यांत भाड्यानं राहिलो. आता विजयनगरच्या पुढे, कुपवाडच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके घेतलाय. करार दोघांच्या नावानं झालाय. भाद्रपदात किल्ली मिळणार. मुद्रांक, नोंदणी, बँकेचे खर्च जाऊन हातात चार लाख वीस हजार उरलेत. हप्ता साडेएकवीस हजार. इंटिरियरवाल्याचं कोटेशन सहा लाख दहा हजारांचं आहे (प्लॅनचा फोटो जोडलाय). 'वरचे पैसे पर्सनल लोन काढू, पण सगळं पूर्ण करूनच राहायला जाऊ, परत परत धूळ नको,' असं नवरा म्हणतो. सासूबाईंना वास्तुशांत थाटात हवी आहे, दीडशे पानं. शिवाय त्यांची एक लोखंडी ट्रंक आहे, ती माळ्यावरच ठेवायची असा हट्ट. डिझाइनमध्ये माळाच नाही, तिथं पीओपी आहे. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हापासून त्यांचं हे सुरू आहे. मुलगी सहा वर्षांची आहे. रोज जेवताना यावरूनच वाद होतो. कशाची तयारी आधी करू?
– नवी किल्लीवाली, सांगली"

अगं, आधी अभिनंदन. रात्रपाळ्या करून, भाडं भरता भरता घर उभं करणं काय असतं ते मला कुणी सांगायला नको. पेढे नंतर खाऊ. तुझ्याकडे वेळ थोडा आहे आणि घरातली तीन माणसं तीन दिशांना ओढतायत.

माझं मत आधीच सांगून टाकते. ते सहा लाखांचं कोटेशन घडी घालून कपाटात ठेव. पर्सनल लोन काढू नको. जवळजवळ मोकळ्या घरात राहायला जा, संक्रांतीपर्यंत त्यात राहून बघ, आणि मग सुताराला हाक मार. त्याआधी लाकडाचं काम एकच करून घे, सासूबाईंचा माळा.

नवऱ्याला हे पटणार नाही. धुळीचं त्याचं म्हणणं खोटं नाही. माणसं राहत असताना प्लाय कापणं म्हणजे डाळीत, पोळीत, पांघरुणात भुसा. पण त्याची बाजू मला फार आतून ठाऊक आहे, कारण १९९६ साली आमच्या घरी अगदी हेच वाक्य म्हणणारी मी होते.

आमचा पहिला फ्लॅट सांगलीतलाच, दुसऱ्या मजल्यावर. मी हट्टानं बेडरूमची एक अख्खी भिंत कपाटानं भरून घेतली, जमिनीपासून छतापर्यंत, बदामी सनमायका, पितळी मुठी. बायका बघायला यायच्या. दुसऱ्या पावसाळ्यात कपाट उघडलं की ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. मी डांबरगोळ्या वाढवल्या. श्रावणात मंगळागौरीला म्हणून इरकल काढायला गेले, तर घडीच्या आतल्या बाजूला करडे ठिपके. सगळं सामान बाहेर काढलं, मागची फळी सुताराला काढायला लावली. ती हातात भाकरीसारखी तुटून आली, फुगलेली, पदर सुटलेली. मागे भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीपर्यंत ओल. पलीकडे बाथरूम होतं आणि कोपऱ्यातल्या पाइपाभोवती वॉटरप्रूफिंग धड झालेलंच नव्हतं. बिल्डरकडे गेलो तर तो म्हणाला, तुमच्या सुतारानं भिंतीत खिळे मारलेत, पाइपाला धक्का लागला असेल. खरं कोण, ते ठरवायला भिंत दिसायला तरी हवी होती. दोन वर्षं ती आमच्याच कपाटामागे लपलेली होती.

आता रेराचा, म्हणजे बिल्डरांवर अंकुश ठेवणारा, कायदा तुझ्या बाजूनं आहे, आमच्या वेळी तो नव्हता. त्यात कलम १४ आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला आणि तू तो कळवलास, तर बिल्डरनं ३० दिवसांत स्वतःच्या खर्चानं तो दुरुस्त करून द्यायचा. पण दोष दिसला तर कळवणार ना? पहिल्याच महिन्यात भिंतींवर प्लाय आणि छताला पीओपी चढवलंस, तर ओल, भेग, गळती सगळं झाकलं जाईल. उद्या दिसलंच तर समोरचा तुझ्या इंटिरियरवाल्याकडं बोट दाखवून मोकळा. म्हणून संक्रांतीनंतरही बाथरूमच्या पाठीला लागलेल्या भिंतीवर कपाट नको. ती भिंत एक पूर्ण पावसाळा उघडी राहू दे. बाकीच्या भिंतींचं तेव्हा बघू.

दुसरं कारण तुझ्या प्लॅनच्या फोटोतच आहे, आणि इतके दिवस ते तुमच्या कुणाच्या लक्षात कसं आलं नाही याचं मला नवल वाटतं. हॉलमधला टीव्ही ज्या भिंतीवर टांगलाय, तिच्या पलीकडे तुमच्या पलंगाचं डोकं आहे. तू रात्रपाळी करून सकाळी साडेआठला घरी येणार, आंघोळ करून दहाला पडणार. त्या वेळी सासूबाईंच्या मालिका पुन्हा दाखवत असतात. चार इंचांच्या विटेच्या भिंतीतून नायिकेचं रडणं थेट तुझ्या उशीत. इंटिरियरवाल्यानं विचारलं का तुला, की ताई तुम्ही झोपता कधी? नाही विचारलं. त्याला खोलीचं माप माहीत आहे, तुझी ड्युटी माहीत नाही.

राहायला गेलीस की आठ-दहा दिवसांत कळेल कुठली खोली दुपारी अंधारी आणि शांत असते. कदाचित तुमची झोपायची खोली ती छोटी ठरेल आणि मोठी सासूबाई नि मुलीकडे जाईल. भाजी चिरायला उजेड कुठं येतो, चपला कुठं साचतात, मुलगी अभ्यासाला आपोआप कुठं बसते, कपडे कुठल्या बाल्कनीत वाळतात, हे राहिल्याशिवाय दिसत नाही. तोवर टीव्ही स्टुलावर चालतो. आमचा दोन वर्षं शिलाई मशीनवर होता.

आता तयारी. भाद्रपदात किल्ली मिळणार म्हणतेस, म्हणजे पितृपंधरवडा आडवा येणार. सासूबाई त्या दिवसांत गृहप्रवेश करू देणार नाहीत, आणि त्यावरून वाद घालायची गरजही नाही. पंधरवड्यात राहायला जाता येत नसेल, पण प्लंबर आणि वायरमनला यायला कुणी बंदी केलेली नाही. ते पंधरा दिवस त्यांचे. मग नवरात्र, दसरा. साडेतीन मुहूर्तांतला एक दारात उभा असताना वेगळा मुहूर्त काढायला कशाला जायचं?

पण त्याही आधी, आत्ता पाऊस चालू आहे तोवर एकदा बिल्डरच्या मागे लागून फ्लॅट उघडून घे. उन्हाळ्यात सगळीच घरं छान दिसतात. चांगली चार तासांची झड लागून गेली की जा. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत हात फिरव, पाणी आत झिरपतं ते तिथूनच. बाल्कनीत पाणी दाराकडं येतं की जाळीकडं जातं ते बघ. तुमच्यावर अजून मजले असतील तर बाथरूमच्या छताकडं टॉर्च मार. गच्ची असेल तर हॉलच्या छताकडं.

बाथरूमच्या फरशीवर बादलीभर पाणी ओतून नुसती उभी राहा. सगळं पाणी जाळीकडं जायला हवं. कोपऱ्यात डबकं राहिलं तर ते तिथं कायमचं राहणार आणि तुझ्या घरात सदुसष्ट वर्षांच्या बाई आहेत. शक्य असेल तर जाळी पिशवीनं बंद करून बोटभर पाणी दोन दिवस साठवून ठेवायला सांग आणि खालच्या फ्लॅटवाल्याला त्याचं छत बघायला सांग. बिल्डर कुरकुरेल. कुरकुरू दे. रुपयाच्या नाण्यानं फरशा वाजवत जा, भरीव आवाज हवा. पोकळ वाजली तर खाली माल कमी आहे. मुलीला हे काम दे, ती एकही फरशी सोडणार नाही.

भेगांनी मात्र लगेच घाबरू नको. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि ज्या इमारतीचा पाया नीट खोल गेलेला नसतो तिला हे सोसत नाही. प्लास्टरवर केसासारख्या रेषा नव्या घरात येतातच. पण दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग, जिच्यात नखाचं टोक जातं, तिचा फोटो काढ, शेजारी पेन्सिलीनं तारीख लिही. महिन्यानं पुन्हा बघ. वाढली असेल तर नुसतं बोलू नको, लेखी कळव.

विजेचं काम ओळखीच्या वायरमनला दाखव, बिल्डरच्या नव्हे. त्याला सांग, अर्थिंग तपास, आणि मेन बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की आपोआप तोडणारा खटका, आहे का बघ. त्यावर छोटं 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते दाबलं की खटका पडलाच पाहिजे. आपल्याकडे ते बटण वर्षानुवर्षं कुणी दाबत नाही. गिझर, फ्रिज, मिक्सर यांचे पॉइंट कुठं आहेत ते ओट्यापाशी उभं राहून बघ. इन्व्हर्टरची वायरिंग असेल तर ती कुठल्या दिव्यांना जाते ते विचारून घे. पॉइंट वाढवायचे असतील तर ते मात्र राहायला जाण्याआधीच, कारण भिंत फोडायचं काम माणसं आत असताना खरंच करू नये. इथं नवऱ्याच्या धुळीच्या मुद्द्याला माझे शंभर मार्क. भिंत बुजवण्याआधी नव्या पाइपांचे, वायरींचे फोटो काढून ठेव. पुढं खुंटी ठोकताना आशीर्वाद देशील.

सापडलेलं सगळं दोन प्रतींत लिही आणि एका प्रतीवर बिल्डरच्या माणसाची सही घे. ताबापत्रात 'सर्व कामे समाधानकारक' असं छापील वाक्य असतं. त्याच्या खाली 'सोबतच्या यादीतील कामे वगळून' असं हातानं लिहून मगच सही करायची. कागदांमध्ये महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, पहिलं माग. ते नसताना नुसती किल्ली देऊन 'या राहायला, सर्टिफिकेट येईल मागनं' म्हणणारे पुष्कळ आहेत. तिथं थांब. बाकी नोंदणी झालेला करार, सूची क्रमांक दोन (नोंदणीचा उतारा, इंडेक्स टू), पार्किंगचं पत्र, मंजूर नकाशा. सूची दोनच्या चार झेरॉक्स काढ. महावितरणचा मीटर नावावर करायला, महापालिकेत घरपट्टी आणि पाणीपट्टीला, सगळीकडं तोच कागद मागतात. घरपट्टीवर दोघांची नावं लागली का ते स्वतः जाऊन बघ. बऱ्याच ठिकाणी करारात बायको असते आणि बिलावर एकटा नवरा उरतो, आणि कुणी मुद्दाम केलेलंही नसतं.

पैशांचं बोलू. चार लाख वीस हजारांतले सहा हप्ते आधी वेगळे काढ. एक लाख एकोणतीस हजार. ते दुसऱ्या बँकेत ठेव, जिथलं कार्ड पर्समध्ये नसतं. नव्या घराचं पहिलं वर्ष फार खादाड असतं. मेंटेनन्सची आगाऊ रक्कम, मीटरची अनामत, भाड्याच्या घरातला शेवटचा महिना. हो, तो शेवटचा महिना ठेवायचाच. दोन घरं एकदम हातात असणं म्हणजे पैसे वाया नाहीत. मीटरचं काम लांबलं, पाण्याची लाइन जोडली नाही, मुलगी तापानं पडली, तर परत जायला जागा हवी. मालकाला आजच सांग, दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी खोल्या सोडतो म्हणून, आणि डिपॉझिटचंही तेव्हाच बोलून घे. नऊ वर्षांनी भिंतीवरचे खिळे मोजणारे मालकही असतात.

उरले दोन लाख एक्क्याण्णव हजार. यातून माझ्या मते आधी काय घ्यायचं तर मुख्य दाराला जाळीचं सेफ्टी डोअर, बाल्कनीला ग्रिल आणि खिडक्यांना डासांच्या जाळ्या. दवाखान्यात डेंग्यूचे पेशंट तू बघतेस, मी काय सांगू. ग्रिलच्या उभ्या गजांमधून मुलीचं डोकं जाता कामा नये, आणि पाय देऊन वर चढता येईल असे आडवे गज तर नकोतच, डिझाइन कितीही सुंदर असो. मग पंखे, दिवे, गिझर, आणि बाथरूममध्ये सासूबाईंसाठी धरायला स्टीलचा दांडा. तो दांडा नुसत्या फरशीत स्क्रू मारून बसवला तर ऐन वेळी फरशीसकट हातात येतो, विटेपर्यंत जाणारे अँकर मारायला सांग. फरशीआड पाइप कुठून गेलाय ते मात्र आधी प्लंबरला विचारून घे. तुझ्या झोपायच्या खोलीला जाड, गडद पडदे. स्वयंपाकघरात ओट्याखाली स्टीलच्या साध्या ट्रॉल्या पुरतात. वरची कपाटं संक्रांतीनंतर. बोअरचं पाणी वापरायला येणार असेल तर गिझर घेण्याआधी शेजारच्या इमारतीतल्या एखाद्या बाईला विचार, तुमच्या नळांवर पांढरं किटण किती दिवसांत चढतं? दुकानदारापेक्षा ती खरं सांगेल.

वास्तुशांत. दीडशे पानं ऐकून मी जरा वेळ पत्र बाजूला ठेवलं. होम करा, गुरुजी बोलवा, सासूबाईंची हौस आहे आणि ती फेडली पाहिजे. त्या बाईनं सगळा जन्म दुसऱ्याच्या घरात काढलाय. पण हौस होमाची आहे की जेवणावळीची, हे तू त्यांना एकटीला गाठून विचार. माझा अंदाज, त्यांना दीडशे माणसं नको असतील. त्यांना ठरावीक सात-आठ माणसं हवी असतील, ज्यांच्या दारात त्यांनी पुराच्या दिवसांत आसरा घेतला, ज्यांनी तेव्हा भाकरी दिली, आणि कदाचित एखादी जाऊ, जिनं तेव्हा दार उघडलं नाही. ही माणसं पंगतीला असू देत. तीस-पस्तीस पानांत हे बसतं. बाकीच्यांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलवा, तिळगूळ आणि मसाला दूध. तोवर घर कसं वापरायचं ते तुम्हाला कळलेलं असेल, आणि नवऱ्याला वाटतं तेवढं ते ओकंबोकं दिसणार नाही.

दूध उतू घालायचं ते जुन्या शेगडीवर, बाई. मी नव्या कोऱ्या काचेच्या शेगडीवर घातलं, बर्नरात गेलं, आणि गृहप्रवेशाच्या दिवशी चहा शेजारणीकडून आणला. ओळख मात्र झाली. गॅसचा पत्ता एजन्सीत जाऊन बदलून घे. नळी पाच वर्षांची झाली असेल तर ती जुनीच नव्या घरात नेऊ नको.

सामान हलवायला तुझ्यासारखी सोय कुणाची नाही. सलाइनची खोकी. तुमच्या स्टोअरमध्ये सांगून ठेव, महिनाभरात तीस-चाळीस जमतील. भरलेल्या बाटल्यांचं वजन पेलणारी असतात, त्यामुळे भांड्यांना उत्तम. पुस्तकं भरशील तर अर्धंच खोकं भर, नाहीतर हमाल नवऱ्याकडं रागानं बघेल. काचेचं सामान वाकळांत आणि जुन्या साड्यांत गुंडाळ. कुणी स्वस्तात मिळतात म्हणून मार्केट यार्डातली रिकामी पोती घ्यायला सांगितलं तर हळदीची घेऊ नको. कितीही झटकली तरी पिवळी धूळ निघतच राहते, आणि तुझ्या घरात पांढरे युनिफॉर्म आहेत. छोटा हत्ती टेम्पो सकाळी लवकर ठरव, दोन खेपा धर. पहिल्या खेपेत देव, पाण्याची कळशी, मीठ, तांदूळ, केरसुणी, गाद्या आणि मुलीचं दप्तर. एक खोकं स्वतःच्या मांडीवर. त्यात औषधं, चार्जर, टॉर्च, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, साबण, एक चादर, दागिने आणि कागदांची फाइल. पहिल्या रात्री तेवढंच सापडायला हवं. बाकी आठ दिवस नाही सापडलं तरी चालतं.

मुलीला जुन्या घरातून निघताना घाई करू नका. तिचा जन्म तिथला. भिंतीवर तिच्या उंचीच्या खुणा असतील तर त्या सुतळीवर गाठी मारून मोजून घे, आणि नव्या घराच्या दाराच्या चौकटीवर उतरव.

आणि आता ट्रंक.

पत्राचा जो भाग वर छापताना गाळला, त्यात तू लिहिलंयस, 'तिसऱ्या मजल्यावर, तेही कुपवाडच्या बाजूला, पाणी येणं शक्यच नाही, तरी ऐकत नाहीत.' बरोबर आहे, शक्य नाही. पण तुझ्याच पत्रात पुढं एक ओळ आहे, बहुतेक सहज लिहून गेलीस. ट्रंकेला खालून वीतभर गंज चढलाय आणि त्याच्या वर रंग अजून शाबूत आहे. ती वीत म्हणजे पाण्याची रेघ आहे गं. ट्रंक माळ्यावर चढवेपर्यंत ती तेवढी बुडाली होती.

आपल्या गावात पावसाळ्यात माणसं भेटली की 'काय चाललंय' म्हणत नाहीत, 'किती फुटाला आहे?' विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. २००५ ला पाणी आलं तेव्हा जुनी माणसं म्हणाली, असं पुन्हा बघायला मिळायचं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. दोनच वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा आलं. तुझ्या सासूबाईंना कुणीतरी दर वेळी 'इथवर येत नाही' असं सांगितलेलं आहे. तू 'तिसरा मजला' म्हणतेस, तेव्हा त्यांना तेच वाक्य ऐकू येतं. त्या 'पाणी सांगून येतंय व्हय?' म्हणत असतील, तर त्यांच्याकडं उत्तर नाही असं समजू नको. अनुभव त्यांचा आहे, आपल्याकडं फक्त मजल्याचा नंबर आहे.

म्हणून माळा कर. वादात कोण जिंकलं म्हणून नव्हे, चाळीस चौरस फुटांच्या पीओपीनं तुमच्या घरात काहीही सुधारणार नाही म्हणून. आणि माळा नसलेल्या घरात गणपतीचं मखर, दिवाळीचा आकाशकंदील, पाहुण्यांच्या गाद्या, रिकामे पिंप हे सगळं पुढं पलंगाखाली जातं. जागा पॅसेजमध्ये, बेडरूमच्या दारावर. सुताराला आधीच सांग की लोखंडी ट्रंक चढणार आहे. नुसत्या प्लायवर ती पेलणार नाही, भिंतीत रुतवलेले लोखंडी अँगल हवेत आणि वर जाड प्लाय. कडप्पा टाकायचा म्हणाला तर नको म्हण, त्याचंच वजन फार होतं आणि ते खालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर. माळ्याची खोली दोन फूट पुरे. बाथरूमच्या भिंतीचा आधार घेऊ देऊ नको, कारण वर सांगितलं. पुढं सरकती दारं लाव म्हणजे नवऱ्याला ट्रंक दिसणार नाही, त्याचंही समाधान.

पुराची एक गोष्ट मात्र सासूबाईंच्या डोक्यानं बघून घे. मीटरचं पॅनल आणि पाण्याची मोटर पार्किंगमध्ये जमिनीपासून किती उंचीवर बसवलीत ते बघ. रस्ता उंच आणि पार्किंग खाली असं असेल तर पुराची गरजही नाही, ढगफुटीसारखा पाऊस एक तास पडला की गटाराचं पाणी आत येतं. पॅनल आणि मोटर उंचावर बसवून द्या, हे सगळ्या फ्लॅटवाल्यांनी मिळून आत्ताच मागायचं असतं.

ट्रंक हलवायच्या दिवशी नवऱ्याला रजा टाकायला सांग. ती हमालाच्या हातात द्यायची नाही, त्यानं आणि त्याच्या एखाद्या भावानं उचलायची. गंजलेला तळ आधी तारेच्या काथ्यानं घासून, रेड ऑक्साइडचा हात मारून, दोन दिवस वाळू दे. वर चढवण्याआधी सासूबाईंना ती उघडायला सांग, घाई नसलेल्या एखाद्या दुपारी, तुझी सुट्टी असेल तेव्हा. आत कागद असतील, फोटो असतील, एकमेकांना चिकटलेले असतील. ओढून सोडवायला जाऊ नकोस, वरचा दिसतो तेवढा मोबाइलवर काढून घे आणि कोण कोण आहे ते त्यांनाच विचारून लिहून ठेव. अॅल्युमिनियमची शिडी घ्यायला विसरू नको. पाच पायऱ्यांची, धरायला वर दांडी असलेली. नाहीतर तू ड्युटीवर गेलीस की त्या स्टुलावर चढतील.